बुद्धिबळातील कोडी: आधी सवाल ओळखा, मग चाल शोधा

शह दिसला की द्यायचा आणि लाल फुली आली की पुढच्या कोड्याकडे जायचे, अशा पद्धतीने बहुतेक जण कोडी सोडवतात. शेकडो कोडी होतात, पण डावातला खेळ तिथेच राहतो. कारण एकच: समोरच्या कोड्याने नेमके काय विचारले आहे, हे पाहिलेच जात नाही. ‘दोन चालींत मात करा’, ‘पांढऱ्याने जिंकावे’, ‘बरोबरी साधा’ आणि ‘मदतीची मात’ हे चार वेगळे सवाल आहेत आणि चारही ठिकाणी विचाराची सुरुवात वेगळी होते.

खालची प्रत्येक स्थिती खऱ्या पटावर मांडून पाहा. नुसते वाचून यातले फारसे हाती लागणार नाही.

## १. पट नीट मांडा

पांढऱ्याच्या उजव्या हाताच्या कोपऱ्यात पांढरे घर हवे. ते घर एच१. उभ्या रांगा पांढऱ्याच्या डावीकडून ए, बी, सी, डी, ई, एफ, जी, एच आणि आडव्या रांगा पांढऱ्याकडून १ ते ८. देवनागरीत लिहिताना ‘ए’ आणि ‘ई’ यांची गल्लत हमखास होते. ‘ए’ म्हणजे अगदी डावीकडची रांग आणि ‘ई’ म्हणजे पाचवी, जिथे डावाच्या सुरुवातीला राजा उभा असतो.

छापील कोड्यात पांढरा नेहमी खाली असतो आणि त्याची प्यादी वर सरकतात. लिचेससारख्या संकेतस्थळांवर मात्र ज्याची चाल आहे त्याची बाजू खाली दिसते. म्हणून काळ्याची चाल असली की पट उलटा असतो. अशा वेळी अक्षरे आणि आकडे पाहिले नाहीत तर प्यादे कोणत्या दिशेला चालले आहे इथेच घोळ होतो आणि ‘एक चाल पुढे गेले की वजीर’ असे वाटणारे प्यादे प्रत्यक्षात दुसऱ्या रांगेत उभे असते.

तपासा: चाल कोणाची? दोन्ही राजे कुठे? आत्ता कोणाला शह आहे का? ही तीन उत्तरे मिळाल्याशिवाय मोहऱ्याला हात लावू नका.

## २. सवालाचा प्रकार ठरवा

पहिला आणि मोठा भेद आहे तो डावातून उचललेली कोडी आणि रचलेली कोडी यांच्यातला.

डावातून उचललेल्या कोड्यात प्रतिस्पर्ध्याची नुकतीच झालेली चूक पकडायची असते. लिचेसवर ती चाल आधी पटावर करून दाखवतात आणि मग तुमची पाळी येते. ती चाल डोळ्यांआड करू नका. तिने कोणते घर मोकळे झाले, कोणत्या मोहऱ्याचा आधार सुटला, यातच अर्धे उत्तर असते. अशा कोड्यांत मात, फोर्क (एकाच मोहऱ्याचा एकाच वेळी दोघांवर हल्ला), पिन (मागच्या राजामुळे किंवा मोठ्या मोहऱ्यामुळे पुढच्याला हलता न येणे), स्क्युअर (पिनच्या उलट, पुढे मोठा आणि मागे दुसरा), उघडा शह (मधला मोहरा हटल्याने मागच्याचा शह), रक्षकाला हटवणे, प्याद्याची बढती असे विषय येतात. मात नसेल तर निदान निर्णायक फायदा व्हायला हवा.

रचलेल्या कोड्यात स्थिती कोणीतरी मुद्दाम बांधलेली असते. प्रत्येक मोहऱ्याला तिथे काम असते आणि मोहरे मोजून फारसे काही कळत नाही, कारण पांढऱ्याकडे अनेकदा प्रचंड ताकद असते. सवाल ‘जिंकता येते का’ हा नसतो. ‘नेमक्या इतक्याच चालींत मात होते का’ हा असतो. याखेरीज एंडगेम स्टडी (जिंका किंवा बरोबरी साधा, चालींची अट नाही) आणि नियमच फिरवणारी कोडी असतात.

पटाखालच्या खुणा: # आणि पुढे २ म्हणजे दोन चालींत मात, + म्हणजे पांढऱ्याने जिंकावे, = म्हणजे पांढऱ्याने बरोबरी साधावी. चालींची संख्या मोजताना पांढऱ्याच्याच चाली मोजतात. दोन चालींत मात म्हणजे पांढरा, काळा, पांढरा.

सावधान: ऑनलाइन सरावात विषयाचे नाव आधी दिसत असेल तर ती सोय बंद करा. ‘फोर्क’ असे वर लिहिलेले असताना फोर्क शोधणे सोपे असते. डावात ती पाटी कोणी लावत नाही.

## ३. चाल शोधण्याआधी पाहणी

ही स्थिती मांडा.

पांढरा: राजा जी१, वजीर सी४, घोडा जी५, प्यादी एफ२, जी२, एच२.
काळा: राजा एच८, वजीर बी२, हत्ती डी८, प्यादी जी७, एच७.
चाल पांढऱ्याची.

आधी मोजणी. वजीर ९, हत्ती ५, घोडा किंवा उंट ३, प्यादे १ या हिशेबाने पांढरा १५, काळा १६. म्हणजे काळा किंचित पुढे आहे.

मग राजे. काळा राजा कोपऱ्यात आहे आणि त्याला जायला एकच घर आहे, जी८. त्या घरावर सी४ वरच्या वजिराची तिरकी नजर आहे.

आता ज्याकडे हमखास दुर्लक्ष होते ते पाहा: काळ्याची चाल असती तर त्याने काय केले असते? पांढरा राजाही आपल्याच तीन प्याद्यांमागे अडकलेला आहे. हत्ती डी१ वर आला की शह. आत्ता तो शह पांढरा वजीर एफ१ वर येऊन अडवू शकतो. पण वजीर सी४ वरून भलतीकडे गेला तर? वजीर एच४ ही चाल मोहात पाडते, कारण पुढच्या चालीला एच७ वर मात आहे. पण त्याआधीच काळा हत्ती डी१ वर येतो आणि मात पांढऱ्यालाच होते. वजीर एफ७ चेही तेच.

इथे एक गोष्ट नक्की झाली: पांढऱ्याला सवड नाही. प्रत्येक चाल शह देणारीच हवी.

## ४. शह, मार, धमकी, याच क्रमाने

आधी सगळे शह पाहा, मग सगळ्या मारामाऱ्या, मग धमक्या. ‘सगळे’ म्हणजे अगदी वेडगळ दिसणारे शहसुद्धा. शहाला उत्तरे कमी असतात, म्हणून त्याचा हिशेब छोटा असतो. हा क्रम मोजणी सोपी करण्यासाठी आहे. उत्तर शहच असेल असे मात्र समजू नका.

वरच्या स्थितीत दोनच शह आहेत.

पहिला, वजीर जी८. दिसायला झकास: हत्तीने वजीर मारला तर घोडा एफ७ वर येऊन कोंडलेल्या राजाला मात. पण राजाच वजीर मारू शकतो. जी५ वरच्या घोड्याचा जी८ वर ताबा नाही. वजीर फुकट गेला.

दुसरा, घोडा एफ७. राजाला जी८ वर जावेच लागते. मग घोडा एच६, हा दुहेरी शह: घोड्याचा एक, वजिराचा दुसरा. दुहेरी शहात राजाला हलावेच लागते, एखादा मोहरा मारून सुटका नसते. राजा एच८ वर परतला की आता वजीर जी८. या वेळी घोडा एच६ वरून जी८ सांभाळतो आहे, म्हणून राजाला वजीर मारता येत नाही. हत्ती मारतो आणि घोडा एफ७ मात. राजाभोवती त्याचाच हत्ती आणि त्याचीच प्यादी.

तीच कल्पना, तोच वजिराचा बळी. क्रम चुकला की हार, क्रम बरोबर असला की मात. कल्पना सापडल्यावर लगेच चाल करण्याची घाई इथेच नडते. कल्पना सापडली की स्वतःला विचारा, ती करण्याआधी एखादी तयारीची चाल घुसवता येते का, आणि शहाच्या जोरावर येते का?

तपासा: बळी द्यायच्या घरावर तुमच्या दुसऱ्या मोहऱ्याचा ताबा आहे का? राजा स्वतः तो बळी मारू शकतो का?

## ५. विरोधकाचे सर्वांत चिवट उत्तर शोधा

घोडा एच६ च्या दुहेरी शहानंतर राजा एच८ ऐवजी एफ८ वर गेला तर? ही फांदी पाहिली नसेल तर कोडे सुटलेले नाही, नशिबाने जुळले आहे. उत्तर: वजीर एफ७ मात. घोडा एच६ वरून वजिराला आधार देतो, ई७, ई८, जी८ तिन्ही घरे वजिराच्या माऱ्यात येतात आणि जी७ वर राजाचेच प्यादे आहे.

फांद्या तपासताना तीन प्रश्न पुरतात: राजा आणखी कुठे जाऊ शकतो? मध्ये काही आणता येते का? शह देणारा मोहरा मारता येतो का? मारामारीच्या ओळीत चौथा प्रश्नही विचारा: परत मारण्याऐवजी त्यालाच मध्ये एक शह देता येतो का? ‘तो मारणारच’ असे गृहीत धरलेली चाल अनेकदा इथेच कोसळते.

आणखी एक नेहमीची तक्रार: ‘माझी चालही जिंकत होती, तरी चूक दाखवली.’ वरच्या कोड्यात दुसऱ्या चालीला घोड्याने डी८ वरचा हत्ती मारला तरी पांढरा डाव जिंकतोच. पण चार चालींत मात हातात असताना हत्ती घेणे हे कोड्याचे उत्तर नाही. डावात ती चाल क्षम्य आहे, सरावात नाही.

## ६. शह नसलेली उत्तरे

शह आणि मारामाऱ्या संपल्या तरी काही सापडले नाही की लोक पुन्हा तेच शह तपासत बसतात. तिसऱ्या पायरीवर, धमकीवर, या.

पांढरा: राजा जी१, हत्ती ए८, प्यादे ए७.
काळा: राजा एफ७, हत्ती ए२.
चाल पांढऱ्याची, जिंका.

प्याद्याला वजीर व्हायचे आहे, पण पुढचे घर आपल्याच हत्तीने अडवले आहे. हत्ती नुसता बाजूला केला तर प्यादे मरते. उत्तर हत्ती एच८. आता धमकी आहे ए८ वर वजिराची. काळ्या हत्तीने ए७ मारले की हत्ती एच७ शह. राजा बाजूला होताच त्याच रांगेतला हत्ती मिळतो. हाच स्क्युअर: पुढे राजा, मागे मोहरा. आधी काळ्याने शहांचा सपाटा लावला तर पांढरा राजा पायरी पायरीने प्याद्याकडे चालत जातो आणि शह संपतात.

आता काळा राजा जी७ वर ठेवून पाहा. हत्ती एच८ केल्यावर राजा हत्तीच मारतो आणि पांढरा डाव हरतो. राजा एका घराने सरकला की कोडेच उरत नाही. म्हणून सुटलेल्या कोड्यात एखादा मोहरा एक घर हलवून ‘आता चालते का?’ हे पाहण्याची सवय लावा. दहा नवी कोडी सोडवण्यापेक्षा याचा उपयोग जास्त होतो.

## ७. रचलेली ‘दोन चालींत मात’

इथे पद्धत उलटते. रचनाकार पहिली चाल, म्हणजे किल्ली, शहाची किंवा मारामारीची ठेवायचे सहसा टाळतो. म्हणून शहापासून सुरुवात करणे इथे बहुधा वेळ घालवणे ठरते. त्याऐवजी काळ्याच्या चाली मोजा.

पॉल मॉर्फीच्या नावाने प्रसिद्ध असलेले छोटे कोडे घ्या.

पांढरा: राजा सी८, हत्ती ए१, प्यादे बी६.
काळा: राजा ए८, उंट बी८, प्यादी ए७, बी७.
पांढऱ्याने दोन चालींत मात करावी.

अ) समजा आत्ता काळ्याची चाल आहे. उंट कुठेही हलला तर हत्तीने ए७ मारून मात. ए७ चे प्यादे बी६ मारू शकत नाही, कारण हत्तीमुळे ते पिन आहे. पण ते सरळ ए६ किंवा ए५ वर जाऊ शकते आणि मग मात हुकते.

आ) म्हणजे पांढऱ्याला अशी चाल हवी की ए७ चे प्यादे पुढे सरकू नये आणि उंटाच्या चालीनंतरची मात तशीच राहावी.

इ) हत्ती ए६! आता बी७ च्या प्याद्याने हत्ती मारला तर बी७ वर प्यादे येऊन मात, कारण सी८ वरचा राजा त्याला सांभाळतो. उंट हलला तर हत्तीने ए७ मारून मात. काळ्याकडे तिसरे काही नाही.

हत्ती ए६ ने काहीच धमकावलेले नाही. काळ्याची पाळी आहे आणि तीच त्याला भोवते. या अवस्थेला झुगझ्वांग म्हणतात. उत्तर लिहिताना किल्लीसोबत काळ्याच्या प्रत्येक बचावाला मात लिहा. ‘हत्ती ए६’ एवढेच लिहिणे अर्धवट आहे.

सावधान: काळ्याच्या एकाच बचावावर अडणारी चाल म्हणजे रचनाकाराने मुद्दाम ठेवलेला चकवा. ‘जवळपास सुटले’ असे वाटले तर समजा, चकव्यात सापडलात. तो एक बचाव नेमका काय करतो ते पाहा. किल्ली त्याच्याच आसपास असते.

कॅसलिंग (राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवणे) आणि आँ पासाँ (दोन घरे पुढे आलेले प्यादे शेजारच्या प्याद्याने वाटेतच मारणे) यांचे संकेतही इथे लागतात. राजा आणि हत्ती मूळ घरी असतील तर कॅसलिंग चालते, ते अशक्य आहे असे सिद्ध होत नसेल तर. आँ पासाँचे उलट: मागची चाल प्याद्याची दोन घरांचीच होती हे सिद्ध झाले तरच चालते.

## ८. एंडगेम स्टडी

मोहरे मोजके आणि चालींची अट नाही, म्हणून लोक याला सोपे समजतात. प्रत्यक्षात सगळ्यात जास्त चुका इथे होतात, कारण एका जागी सहज चाल हरते आणि विचित्र चाल जिंकते.

सावेद्राची स्थिती (१८९५). पांढरा: राजा बी६, प्यादे सी६. काळा: राजा ए१, हत्ती डी५. पांढऱ्याने जिंकावे.

१. प्यादे सी७, हत्ती डी६ शह. आता राजा कुठे? बी७ वर गेला तर हत्ती डी७ प्याद्याला पिन करतो. सी५ वर गेला तर हत्ती डी१, आणि वजीर केला की सी१ वरून शह, मागे वजीर. म्हणून २. राजा बी५, हत्ती डी५ शह, ३. राजा बी४, हत्ती डी४ शह, ४. राजा बी३, हत्ती डी३ शह; ५. राजा सी२. काळ्याचा शेवटचा डाव: हत्ती डी४. आता प्याद्याचा वजीर केला तर हत्ती सी४ शह, वजिराने तो मारला की काळ्याला शह नाही आणि चालही नाही, म्हणजे स्टेलमेट, डाव बरोबरीत. म्हणून ६. सी८ वर वजिराऐवजी हत्ती घ्या. ए८ वरून मातेची धमकी आहे, काळ्याला हत्ती ए४ करावेच लागते, आणि ७. राजा बी३ ने एकाच वेळी हत्तीवर हल्ला आणि सी१ वर मातेची धमकी. दोन्ही वाचत नाहीत.

संकेतस्थळावर बढती आपोआप वजिराची होत असेल तर ती सेटिंग बदला, नाहीतर असली कोडी उत्तर माहीत असूनही चुकतात.

बरोबरीच्या सवालात विचार पुन्हा बदलतो. रेटीची स्थिती (१९२१): पांढरा राजा एच८, प्यादे सी६, काळा राजा ए६, प्यादे एच५, पांढऱ्याने बरोबरी साधावी. सरळ पाठलाग केला तर एच प्यादे सुटते. प्यादे सी७ केले तर राजा बी७ वर येऊन ते खातो. उत्तर तिरक्या वाटेवर आहे: १. राजा जी७, प्यादे एच४, २. राजा एफ६, राजा बी६ (प्यादे एच३ केले तर राजा ई७ आणि पांढऱ्याचेही प्यादे वजीर होते), ३. राजा ई५. काळ्याने सी६ मारले तर राजा एफ४ आणि एच प्यादे हाती लागते. प्यादे पुढे ढकलले तर राजा डी६ आणि दोघांचेही वजीर होतात. राजाची प्रत्येक तिरकी चाल दोन्ही प्याद्यांच्या जवळ नेते. बरोबरीच्या स्टडीत म्हणूनच दोन कामे करणारी चाल, स्टेलमेट आणि कायमचा शह (न संपणारी शहांची मालिका) या तिन्हींचा शोध घ्या. जिंकण्याची चाल शोधत बसाल तर काही सापडणार नाही.

## ९. नियम फिरवणारी कोडी

मदतीची मात: पहिली चाल काळ्याची आणि दोघे मिळून काळ्या राजाला मात घडवतात. पांढरा: राजा जी६, हत्ती ए१, काळा: राजा एफ८, एका चालीत. काळा राजा जी८, मग हत्ती ए८ मात. साध्या डावात काळा ई७ कडे पळाला असता. इथे त्याने पळायचे नाही. आधी शेवटची मात डोळ्यांपुढे आणा आणि तिथून मागे या. नेहमीची चूक म्हणजे सवयीने पांढऱ्याची चाल पहिली धरणे.

स्वमात: पांढरा काळ्याला भाग पाडतो की त्याने पांढऱ्यालाच मात द्यावी, आणि काळ्याला ती द्यायची नसते.

मागचा शोध: ‘शेवटची चाल कोणती होती?’ इथे पुढचे काही विचारलेले नसते. प्याद्यांनी किती मोहरे मारले असतील ते प्रथम मोजा.

नवख्यांनी यातली मदतीची मात जरूर करावी, मोहऱ्यांचा मेळ डोळ्यांना दिसू लागतो. स्वमात थांबू शकते.

## १०. सराव कसा लावायचा

दहापैकी सात-आठ कोडी पहिल्या प्रयत्नात बरोबर येतील अशी पातळी निवडा. दहाच्या दहा येत असतील तर पातळी वाढवा. पाचच्या खाली आलात तर उतरवा, कारण त्या पातळीवर फक्त अंदाज लावले जातात. रोज दहा-पंधरा कोडी पुरेत. एका कोड्याला दहा मिनिटांपर्यंत वेळ द्या, आणि पूर्ण ओळ मनात ठरल्यावरच पहिली चाल करा. पहिली चाल करून उत्तर काय येते ते पाहणे हा अंदाज झाला.

पझल रश आणि पझल स्टॉर्म यांसारखे घड्याळावरचे प्रकार ओळखीच्या माता झटकन दिसण्यासाठी चांगले, पण आठवड्यातून दोन-तीनदाच. रोज तेच केले तर पाचवी पायरी, म्हणजे विरोधकाचे उत्तर पाहणे, हाताने पुसली जाते.

चुकलेल्या कोड्यांची वही ठेवा. स्थिती, तुमची चाल, बरोबर चाल आणि चुकण्याचे कारण या चारपैकी एकात लिहा: विरोधकाची धमकी दिसली नाही, क्रम चुकला, एखादी फांदी सुटली, शह नसलेली चाल पाहिलीच नाही. दुसऱ्या दिवशी आणि आठवड्याने तीच कोडी पुन्हा मांडा. महिन्याअखेरीस ज्या कारणापुढे सर्वांत जास्त खुणा असतील, पुढच्या महिन्यात त्याच प्रकारची कोडी जास्त घ्या.